तुरुंगातून सुटलेल्या तरुणांसोबत काम करताना : पहिल्या दिवसापासून पहिल्या गणेश चवथीपर्यंत

या कामात नव्याने येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस आधी विचारतो, "त्याने काय केले होते?" प्रश्न स्वाभाविक आहे, पण त्याच्या उत्तराने पहिल्या महिन्यात एकही काम पुढे सरकत नाही. त्याऐवजी दोन गोष्टी विचाराव्यात : त्याची न्यायालयातली पुढची तारीख केव्हा आहे, आणि आज रात्री तो कुठे झोपणार आहे. पुढची बहुतेक पावले या दोन उत्तरांवर ठरतात. गोवा बारा तालुक्यांचा. पेडण्यात सकाळी घडलेली गोष्ट दुपारी फोंड्याच्या बाजारात ऐकू येते, त्यामुळे गुन्ह्याची हकिकत तुम्ही न विचारताही कानावर येईलच. तरीही ती त्या मुलाने स्वतःच्या तोंडून, त्याला वाटेल तेव्हा सांगावी, आणि सांगावीशी वाटली नाही तर सांगू नये, एवढी मोकळीक त्याला मिळाली पाहिजे. पेडणे, डिचोली, सत्तरी या भागांत हे काम करताना जे शिकले, ते नवीन स्वयंसेवकांना उपयोगी पडावे म्हणून क्रमाने लिहीत आहे.

आधी वय आणि कायदा पाहावा

गुन्हा घडला म्हणतात त्या दिवशी मुलाचे वय अठरा पूर्ण होते की नव्हते, हे सर्वांत आधी तपासावे. अटकेच्या किंवा सुटकेच्या दिवशीचे वय येथे धरत नाहीत. अठरा पूर्ण नसतील तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागू होतो, प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालते आणि मुलाला तुरुंगात न ठेवता मेर्शीच्या 'अपना घर' या मुलांच्या सरकारी संस्थेसारख्या ठिकाणी ठेवतात. या कायद्याचे कलम २४ मुलाच्या फार मोठ्या उपयोगाचे आहे. दोषी ठरल्यामुळे एरवी जी अपात्रता चिकटते ती अशा मुलाला चिकटत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर त्या प्रकरणाचे कागद नष्ट करायचे असतात. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयाच्या मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवायचे ठरले असेल, तर मात्र हे संरक्षण त्याला मिळेलच असे नाही. कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असा मजकूर किंवा छायाचित्र प्रसिद्ध करता येत नाही आणि निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद पोलिसांना चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा उघड करता येत नाही. हे कलम तुम्हालाही लागू आहे, म्हणून उत्साहाच्या भरात कार्यक्रमाचा फोटो कोणत्याही गटावर टाकू नका.

अठरा पूर्ण समजून प्रौढांच्या तुरुंगात पाठवलेला मुलगा प्रत्यक्षात त्या दिवशी सतरा वर्षांचा होता, असेही निघू शकते. तसा दावा कोणत्याही न्यायालयात, खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर आणि अगदी अंतिम निकालानंतरही करता येतो. पुरावा म्हणून आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पाहिले जाते, ते नसेल तर पंचायतीचा वा पालिकेचा जन्मदाखला आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. म्हणून मुलाच्या घरी पहिल्यांदा जाल तेव्हा शाळेचा दाखला मागून नीट वाचा. त्या कागदाकडे घरातल्या कोणीही तोपर्यंत लक्ष दिलेले नसण्याची शक्यता बरीच असते.

अठरा पूर्ण असलेला तरुण शिक्षा भोगून, जामिनावर किंवा परिवीक्षेवर, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सुटतो आणि तिन्हींत पुढची वाट वेगळी असते. एकवीस वर्षांखालील दोषी व्यक्तीला शक्यतो तुरुंगात धाडू नये, असे १९५८ चा गुन्हेगार परिवीक्षा कायदा कलम ६ मध्ये सांगतो. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता येत नाही, हे त्याच कायद्याच्या कलम १२ मध्ये आहे. मुलाच्या हातातला न्यायालयाचा आदेश यांपैकी कोणत्या प्रकारचा आहे हे कळत नसेल, तर अंदाज न करता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवावा. कोठडीत असलेल्या व्यक्तीला, बालकांना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतर बऱ्याच जणांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते. १५१०० हा फोन क्रमांक त्यासाठीच आहे.

सुटकेचा दिवस

जामिनाचा आदेश न्यायालयातून कोलवाळच्या मध्यवर्ती तुरुंगापर्यंत पोहोचून नोंदी पूर्ण होईपर्यंत अनेकदा तिन्हीसांजा होतात. फाटकातून बाहेर येणाऱ्या मुलाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात दोन कपडे आणि कधीचा बंद पडलेला मोबाइल असतो. घरच्यांना निरोप मिळालेला असतो किंवा नसतो. या वेळी फाटकापाशी कोणीतरी असणे फार गरजेचे आहे, कारण जुने मित्र दुचाकी घेऊन हमखास आलेले असतात आणि त्यांच्याइतक्या प्रेमाने त्या दिवशी त्याला दुसरे कोणी हाक मारत नाही.

एका मुलाला घ्यायला गेले होते तेव्हाची गोष्ट सांगते. आम्ही म्हापशाला येऊन एका हॉटेलात चहा-पाव घेतला. बाहेर पडताना तो काचेच्या दारापाशी थबकला आणि नुसता उभा राहिला. दाराला कडी नव्हती, फक्त ढकलायचे होते. आत असताना प्रत्येक दार दुसऱ्या कोणीतरी उघडायचे, त्यामुळे आपण ते ढकलू शकतो हे त्याच्या हाताला आठवत नव्हते. मी काही बोलले नाही. पिशवी सावरण्याच्या निमित्ताने मागे थांबले आणि थोड्या वेळाने त्याने स्वतःच दार ढकलले. त्या दिवशी एवढेच करायचे असते. उपदेश करायचा नाही, पुढच्या पाच वर्षांचे बेत करायचे नाहीत. जेवण, आईला फोन, घरापर्यंतची सोबत आणि परत कोणत्या दिवशी किती वाजता भेटणार हे ठरवणे पुरेसे आहे.

ठरवलेली वेळ मात्र पाळलीच पाहिजे. मी एकदा घरातल्या अडचणीमुळे कळवल्याशिवाय गेले नाही, आणि तो मुलगा डिचोलीच्या बसस्थानकावर भर पावसात दोन तास थांबून निघून गेला. परत माझ्याशी बोलायला त्याने सव्वा महिना घेतला. या मुलांना आश्वासने पुष्कळ मिळालेली असतात. 'येते' म्हणून खरोखर आलेली माणसे ते एका हाताच्या बोटांवर मोजतात.

तारीख चुकवू नये

देशातल्या तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश माणसे कच्चे कैदी असतात. म्हणजे तुम्हाला भेटणारा तरुण बहुधा शिक्षा संपवून आलेला नसून जामिनावर आलेला असतो, आणि घरच्यांनी 'सुटला' म्हणून देवळात नारळ ठेवला असला तरी खटला चालूच असतो. तारखेला हजर न राहिल्यास वॉरंट निघते, जामीनदाराने लिहून दिलेली रक्कम धोक्यात येते आणि सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा भारतीय न्याय संहितेखाली वेगळा गुन्हा ठरतो. या मुलांपैकी बरेच जण पुन्हा आत जातात ते नव्या चोरीमुळे किंवा मारामारीमुळे नव्हे, तर चुकलेल्या तारखेमुळे, आणि ही गोष्ट आपल्याला थांबवता येण्यासारखी असल्यामुळे तिचा मला सर्वांत जास्त त्रास होतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर तारखेभोवती मुलाच्याच हाताने गोल काढून घ्यावा, आदल्या संध्याकाळी फोन करावा, गावाहून सकाळची पहिली बस किती वाजता सुटते ते विचारावे, आणि आजारपण आले तर त्याच दिवशी वकिलामार्फत गैरहजेरीचा अर्ज जाईल अशी व्यवस्था करावी.

जामिनाच्या अटी शब्दशः वाचाव्यात. न्यायालयाच्या परवानगीशिवाय राज्याबाहेर जाऊ नये, अशी अट अनेकदा असते आणि पेडणे-डिचोलीच्या मुलांसाठी ती वाटते त्यापेक्षा कडक आहे. पत्रादेवीची हद्द ओलांडली की महाराष्ट्रातले बांदा आणि डिचोलीहून थोडे पुढे गेले की दोडामार्ग, तेही महाराष्ट्रातच. मावशीकडे जत्रेला, चुलत भावाच्या लग्नाला किंवा सावंतवाडीला काजू पोचवायला गेलेला मुलगा आपण 'गोव्याबाहेर' गेलो असे समजतही नाही. जाणे आवश्यक असेल तर आधी अर्ज करून परवानगी घ्यावी. साक्षीदारांना भेटू नये ही अटही नेहमीची आहे. फिर्यादी किंवा पीडित व्यक्ती शेजारच्या वाड्यावरची असली, तरी तुम्ही स्वतः मध्ये पडून 'मिटवून टाका' असे त्यांना कधीही सांगू नका. त्यांच्या दुःखाचा मान राखणे हाही या कामाचाच भाग आहे.

कागद

आधार कार्ड, रेशन कार्डावरचे नाव, बँकेचे खाते, शाळेचा दाखला आणि न्यायालयाच्या आदेशाची प्रत हे पाच कागद पहिल्या महिन्यात एका फाईलमध्ये जमले पाहिजेत. मूळ कागद मुलाकडे किंवा त्याच्या आईकडे राहावेत. तुम्ही फक्त झेरॉक्स ठेवावी, कारण मूळ आधार कार्ड दुसऱ्याच्या कपाटात असणे हीसुद्धा एक प्रकारची बंदीच आहे. खाते शून्य शिलकीवर जनधन योजनेखाली उघडता येते. तुरुंगात असताना मतदान करता येत नाही, पण सुटल्यावर मतदार यादीत नाव असेल तर करता येते, आणि अठरा पूर्ण झालेल्या मुलाने नाव नोंदवण्यासाठी सहा क्रमांकाचा अर्ज भरायचा असतो. हा अर्ज मी आवर्जून भरून घेते, कारण आपले नाव एखाद्या चांगल्या यादीत छापलेले पाहण्याचा त्याचा तो बहुधा पहिलाच प्रसंग असतो.

राज्य सरकारच्या अनेक योजनांसाठी मामलेदाराकडून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. झुआरीनगर किंवा बायणा भागात भाड्याच्या खोल्यांतून वाढलेल्या, आईवडील कर्नाटकातून कामासाठी आलेल्या मुलांचे घोडे येथे अडते. शाळेची हजेरी, लसीकरणाचे कार्ड, आईच्या नावाची जुनी रेशन नोंद अशा कागदांतून वर्षे जोडत जावे लागते आणि त्याला महिने लागतात. म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करावे.

बाल न्याय कायद्याखालील संस्थेतून अठरा पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यांसाठी अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. ती सर्वसाधारणपणे एकवीस वर्षांपर्यंत चालते आणि केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेत त्यासाठी दरमहा ४,००० रुपयांची मदत ठेवलेली आहे. ती आपोआप येत नाही. संस्थेतून बाहेर पडण्याआधीच परिवीक्षा अधिकाऱ्याशी आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी बोलून मुलाच्या वैयक्तिक आराखड्यात तिची नोंद करून घ्यावी.

घर आणि वाडा

मुलाला घरी पोहोचवले म्हणजे घर तयार आहे असे समजू नये. वकिलासाठी आईने गळ्यातले मोडलेले असते, वडिलांचे बोलणे बंद झालेले असते, धाकट्या बहिणीचे लग्न जुळत नसते आणि या सगळ्याचा हिशेब पहिल्या पंधरा दिवसांत त्याच्यापुढे मांडला जातो. आईशी वेगळे बोलावे, तिला आधी मन मोकळे करू द्यावे. माझ्या अनुभवात घर सांभाळून धरते ती बहुतेक वेळा आजी. ती काही विचारत नाही, पेज वाढते.

मुलींचा प्रश्न याहून कठीण आहे. तुरुंगातून आलेल्या मुलाला घर कुरकुरत का होईना आत घेते, मुलीला मात्र मागच्या दारानेही घेत नाही असे मी पाहिले आहे. तिच्यासाठी सुटकेच्या आधीच निवाऱ्याची सोय महिला व बाल विकास खात्यामार्फत ठरवलेली असावी आणि सोबत स्त्री स्वयंसेवकच असावी.

प्रकृती

अमली पदार्थांच्या प्रकरणांतली मुले गोव्यात बरीच भेटतात, म्हणून ही गोष्ट ठळकपणे लिहिते. काही महिने व्यसनाशिवाय राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि सुटल्यावर पहिल्या आठवड्यांत कोणी पूर्वीच्याच प्रमाणात ब्राउन शुगरसारखा पदार्थ घेतला, तर त्यात जीव जाऊ शकतो. हे मुलाला आणि घरच्यांना स्पष्ट शब्दांत, धाक न घालता सांगावे. व्यसनमुक्तीच्या उपचारासाठी बांबोळीची मनोविकार संस्था आहे आणि रात्रीअपरात्री बोलायला १४४१६ ही टेली-मानसची मोफत सेवा आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतल्यास खटल्यापासून सूट मिळण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४अ मध्ये आहे, तीही वकिलाला विचारावी. क्षयरोगाचे औषध आत चालू असेल तर उपचाराचे कार्ड मागून घ्यावे आणि दुसऱ्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवावे. खरजेचा मलम घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावावा.

तुमच्या स्वतःच्या मर्यादा

रोख रक्कम उसनी देऊ नका. बसचा पास काढून द्या, फी थेट भरा. पहिल्या ओळखीत जामीनदार होऊ नका. अठरा वर्षांखालील मुलाला एकट्याने बंद खोलीत भेटू नका, स्वतःच्या घरी मुक्कामाला नेऊ नका आणि संस्थेत जाण्याआधी लेखी परवानगी घ्या. तो पुन्हा चुकला तर चूक लपवू नका, पण त्याच्याकडे जाणेही थांबवू नका.

काम

किनाऱ्यावरची हॉटेले आणि शॅक साधारण ऑक्टोबर ते मेपर्यंत माणसे शोधत असतात, त्यामुळे काम सर्वांत लवकर तिथे मिळते. तरीही जुना अड्डा त्याच पट्ट्यात असलेल्या मुलाला मी तिथे पाठवत नाही. पगार कमी असला तरी गॅरेज, बेकरी, मंडप-डेकोरेशन, वेर्णे किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने पहिल्या वर्षासाठी बरे. दहावी राहिली असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून ती करता येते आणि फर्मागुडी, म्हापसा, डिचोली, होंडा येथील आयटीआयमध्ये हाताला हुन्नर मिळतो. प्रवेशाचे वेळापत्रक मे-जूनच्या सुमारास येते, तेव्हा कागद तयार असावेत म्हणून वर इतका आग्रह धरला आहे.

परदेशी बोटीवर नोकरीला जाण्याचे स्वप्न गोव्यात कोणत्याही वाड्यावर ऐकू येते. खटला प्रलंबित असताना न्यायालयाच्या परवानगीशिवाय पासपोर्ट मिळत नाही, आणि नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोन वर्षे वा त्याहून अधिक शिक्षा झाली असेल, तर दोषी ठरल्यापासून पाच वर्षे तो नाकारला जाऊ शकतो. हे त्याला आधीच सांगावे, नाहीतर एजंटला पैसे गेल्यावर कळते. टॅक्सीच्या किंवा पायलटच्या (भाड्याने दुचाकी चालवणाऱ्याच्या) बॅजसाठी पोलिसांचा दाखला लागतो, त्याचाही आधी विचार करावा. नोकरीच्या अर्जात प्रकरणाविषयी थेट प्रश्न असेल, तर खोटे लिहू नये; माहिती दडवली म्हणून नोकरी जाऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केले आहे. मात्र बाल न्याय कायद्याखालील प्रकरण असेल, तर काय सांगणे बंधनकारक आहे आणि काय नाही हे वकिलाला विचारूनच अर्ज भरावा. मालकाशी बोलायचे असेल तर मुलाच्या संमतीने, त्याच्यासमोर आणि जेवढे त्याला मान्य आहे तेवढेच बोलावे.

पावसाळ्यात हंगामी कामे बंद पडतात, हातात पैसा नसतो, दिवस मोठे आणि घर लहान वाटू लागते. वर्षातला हा काळ मला सर्वांत धोक्याचा वाटतो. म्हणून दारापाशी थबकलेल्या त्या मुलाला आषाढात डिचोली तालुक्यातल्या एका चित्रशाळेत, म्हणजे गणपतीच्या मूर्ती घडवतात तिथे, नेले. मेस्त्रींनी त्याला काही विचारले नाही. चिकण मातीतले खडे वेचून ती मळायला बसवले आणि तीन आठवडे दुसरे काहीही करू दिले नाही. पुढे तो साच्यातून काढलेले उंदीर घासू लागला, मग पाटांचे काम त्याच्याकडे आले. चवथीच्या आधी गावातले लोक मूर्ती ज्यावर बसवायची तो आपापला पाट चित्रशाळेत आणून ठेवतात आणि कोणाचा कोणता हे कळावे म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवायची असते. त्याचे अक्षर शाळेपासूनच चांगले होते. जे शेजारी त्याला वाटेत पाहून मान फिरवत, ते पाट घेऊन येत आणि आपले नाव त्याला सांगत, तो विचारी, "काका, आडनाव ऱ्हस्व की दीर्घ?", आणि उत्तर ऐकून लिही. त्या वर्षी त्याने एकशे बारा चिठ्ठ्या लिहिल्या. त्यांतली एक त्याच्या वडिलांच्या नावाची होती. पाट घेऊन वडील स्वतः आले होते.